तळघरातली अर्धी ज्वारी

बांधाबांधाला उंदरांची बिळं होती आणि शेजारीपाजारी एकमेकांकडे न विचारता डोकावत, त्या चांगल्या दिवसांतली ही गोष्ट. पिलाजी उंदीर आणि सगुणा उंदरीण ज्वारीच्या शेतात राहायची. बांधाची राखण साळिंदर करायचा आणि त्याबद्दल बिळातल्या उघड्या दाण्यांतून वाटा न्यायचा. तळघरात मातीनं लिंपून ठेवलेल्या दाण्यांना तो हात लावत नसे. मात्र ते तळघर म्हातारपणी दात झिजल्यावरच फोडायचं, अशी रीत होती.

त्या सुगीला पिलाजी सगळीच ज्वारी तळघरात लोटू लागला. सगुणाला दिवस गेलेले. ते पाहून शेजारची चिचुंद्री कसली गप्प राहते! नाक आत खुपसून म्हणाली, "भावोजी, सगळंच लिंपताय?"

"साळिंदराला एक दाणा मिळू देणार नाही, चिचुंद्रीबाई!"

"अहो, त्याला मिळू नये म्हणून पिल्लांनाही उपाशी ठेवणार का?"

पिलाजीनं सगुणाकडे पाहिलं, मिशा खाजवल्या आणि अर्धी ज्वारी वर आणली. साळिंदरानं तिच्यातला वाटा नेला, तेव्हा पिलाजीच्या जिवाला फार लागलं.

पुढे दोघांचे दात झिजले. तळघर फोडलं, तसा त्या जुन्या सुगीचा वास बिळभर पसरला.

"अर्धीच आहे गं," पिलाजी हळहळला. त्यानं दाणा तोंडात घेतला, पण तो काही फुटेना.

सगुणानं हाक मारली. त्या हिवाळ्यात वर आणलेल्या ज्वारीवर वाढलेली पिल्लं, आता चांगली थोराड झालेली, धावत आली आणि आईबापाला दाणे फोडून भरवू लागली.

"उरलेली अर्धी आली बघा," सगुणा म्हणाली.