तळ्याकाठची पहाट आणि एका हंगामाचा गूळ

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. माझी आत्या म्हणते, बागेतलं नवल आधीच सांगून टाकलं तर बघणाऱ्याच्या वाट्याला काय उरणार? पण मला वाटतं, ही गोष्ट नवलाची आहे तेवढीच नवल हुकण्याचीही आहे, आणि ते आधी कळलेलं बरं. तुम्ही फक्त माझं नाव पुढे करू नका.

फार जुन्या काळी, राजे लढाया सोडून बागा लावत असत तेव्हा, एका राज्यात मायाबाग नावाची बाग होती. तिथे पाणी उताराऐवजी चढावर धावे. पितळेचे हत्ती गुडघे टेकून पाहुण्यांना पाठीवर घेत. नावा वल्ह्यांवाचून चालत. आणि एक अख्खा डोंगर कुंभाराच्या चाकासारखा सावकाश फिरत असे. त्याच्या माथ्यावर बसलं की दूरदूरची गावं एकामागून एक डोळ्यांसमोरून जात, जणू तीच आपल्याला बघायला आली आहेत.

दिवसा मूठभर धान्य देऊन कुणीही या बागेत जावं आणि सूर्य मावळला की बाहेर यावं, असा नियम होता.

बागेच्या मधोमध मात्र एक महाल होता. तिथे पाहुण्यांना राहता येई. पण त्याची किंमत ऐकून भले भले सावकार कानांवर हात ठेवत. मग लोक तिथे का राहत? कारण बागेची पहाट फक्त महालातल्या पाहुण्यांना दिसे. बाहेरचे दरवाजे उन्हं वर आल्यावर उघडत, आणि तोवर तळ्यावरचं नवल होऊन गेलेलं असे.

त्या राज्याच्या कडेला एका गावात एक गुळव्या राहत होता. उसाचा रस काहिलीत कढवून त्याचा गूळ करावा, ही त्याची विद्या. घरात त्याची बायको होती आणि म्हातारी आई होती.

आईच्या डोळ्यांत पडदा उतरत होता. वैद्य म्हणाले होते, "पुढच्या उसाला तुरे येतील, तोवर दिसेल तेवढं बघून घ्या."

म्हातारीला बघायचं होतं एकच. मायाबागेचं तळं खणणाऱ्यांत तिचे वडील होते. काम संपल्यावर खणणाऱ्यांना घरी पाठवून दिलं आणि पाणी मागाहून सोडलं. वडील तिला सांगत, "आम्ही नुसता खड्डा बघितला गं. तू पहाटेचं पाणी बघ."

मुलाचं आईवर फार प्रेम होतं. त्याने मनाशी ठरवलं, आणि त्या हंगामाचा सगळा गूळ गाड्यांत भरला. कारण महालात दोन रात्री राहण्याची किंमत तेवढी होती.

गाड्या निघाल्या तेव्हा गाव पारावर जमला.

"काय रे, अख्खा हंगाम गादीवर झोपून घालवणार?" शेजारचा तेली म्हणाला.

"झोपतोय कशाला? जागून वसूल करेल!" दुसऱ्याने टाळी दिली.

"उशा फोडून कापूस आण हो. तेवढीच वसुली."

सगळे हसले. गुळव्याही हसला, पण तो शब्द त्याच्या कानात जाऊन बसला. वाटेत बैलांच्या घुंगरांतूनही त्याला तोच ऐकू येऊ लागला. वसूल, वसूल, वसूल.

महालाच्या दारात कारभाऱ्याने त्यांचं पाय धुवून स्वागत केलं. गूळ कोठारात गेला आणि ती तिघं आत आली.

काय सांगू तुम्हाला! जमीन स्फटिकाची होती आणि तिच्याखालून सोनेरी मासे पोहत होते. म्हातारीने पाऊल उचललं ते टेकवेचना. "अगं सूनबाई, माशांवर कसा पाय देऊ?" भिंतींना बारीक छिद्रं होती. वारा आला की भिंती गुणगुणत, आणि प्रत्येक भिंतीचा सूर निराळा. छतावर चांदण्या जडवल्या होत्या, आणि खऱ्या आकाशातल्या चांदण्या सरकत तशा त्याही सरकत. सून दारातच उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू देवळात आली होती.

कारभारी म्हणाला, "महाल तुमचा आहे. स्नानगृह, पाकशाळा, नावा, हत्ती, जे हवं ते घ्या. फक्त एक सांगून ठेवतो. पहाटे घंटा वाजेल तेव्हा तळ्याकाठी या. इथलं बाकी सगळं तुमच्यासाठी थांबतं. ते तेवढं कुणासाठी थांबत नाही."

आई पुटपुटली, "येतो हो, येतो."

पण गुळव्याची नजर कोठाराच्या दाराकडे होती. आपल्या ढेपा तिथे एकावर एक रचलेल्या त्याला दिसल्या, आणि त्याने त्या एकेक करून मोजल्या. एवढा गूळ! तो मनात म्हणाला, आता इथलं काहीही सोडायचं नाही.

त्या संध्याकाळी त्याने तीनदा स्नान केलं, कारण तिन्ही हौदांत निरनिराळी अत्तरं होती.

"अहो, कातडं सोलून निघेल," बायको म्हणाली. "उसासारखं पिळून काढलंत स्वतःला."

"तू पण जा. चंदनाचा हौद राहिलाय तुझा."

मग जेवणं झाली. पोट भरलं तरी ताटं येत राहिली आणि तो नको म्हणेना. मग नावा, मग गाणं, मग पुन्हा फराळ. आईच्या डोळ्यांवर झोप आली की तो तिला हलवून जागं करी. "आई, एवढं बघून घे. परत का येणार आहोत आपण?"

शेवटी तिघंही रेशमी दोरांनी टांगलेल्या पलंगांवर पडली ती अशी गाढ झोपली, की पहाटेची घंटा वाजून गेली आणि कुणाला ती ऐकूच आली नाही.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत होती. आईने उशाशी घडी करून ठेवलेलं नवं लुगडं उचललं. तळ्यावर जाताना नेसायचं म्हणून ते काढलं होतं. तिने त्याची घडी मोडली नाही. तसंच परत गाठोड्यात ठेवलं.

गुळव्या वरमला. "आई, उद्याची पहाट आहे ना! उद्या मी तुला खांद्यावर बसवून नेतो. माझा शब्द."

"बरं बाळा."

पण दिवस वर चढला तसं त्याचं मन पुन्हा कोठाराकडे गेलं. एक पहाट वाया गेली, ती दिवसा भरून काढली पाहिजे. त्याने आईला हत्तीवर चढवलं आणि उतरवलं, फिरत्या डोंगरावर नेलं, चढत्या पाण्याच्या कडेने वरपर्यंत चालवलं. दुपारपर्यंत म्हातारीचे पाय सुजून घोट्याची हाडं दिसेनाशी झाली. ती एका झाडाखाली बसली ती उठेना.

"तुम्ही जा. मी इथे वारा घेते. छान वाटतंय."

"आई, वारा आपल्या गावीही आहे! इथे आपण हंगामाचा गूळ मोजलाय."

म्हातारीने पाय लांब केले. मग म्हणाली, "लेका, काहिलीतून गूळ काढतोस, तेव्हा तळ खरवडतोस का रे?"

"छे! तळाशी करपलेलं असतं. ते मिसळलं तर सगळा गूळ कडू होईल."

"मग?"

गुळव्याला ती काय म्हणते ते कळलं. पण तो म्हणाला, "आई, तो गूळ आपला असतो, म्हणून सोडता येतो. हा आपण देऊन बसलोय."

सूनबाई पदराने सासूच्या पायांना वारा घालत होती. ती म्हणाली, "देऊन बसलोय ना? मग बसा की जरा." पण तोवर तो नावांच्या दिशेने निघाला होता.

दुसरी पहाट आली. या वेळी गुळव्या घंटेच्या आधीच उठला. सूनबाईने सासूला नवं लुगडं नेसवलं आणि केस विंचरून दिले. म्हातारी लग्नाला निघालेल्या मुलीसारखी पलंगाच्या कडेला बसली. पाय टेकवत नव्हते, पण चेहऱ्यावर त्याचं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात पाकशाळेतून केशराचा आणि तुपाचा वास आला. आजच आपल्याला निघायचं आहे, हे गुळव्याला आठवलं. आपल्या वाट्याची सकाळची न्याहारी तशीच राहून जाणार.

"मी आलोच," तो म्हणाला. "लाडू बांधून घेतो वाटेसाठी. कितीसा वेळ लागतो?"

"अहो, घंटा होईल!"

"घंटेच्या आधी येतो. आलोच म्हटलं ना."

आणि तो गेला.

घंटा झाली. एकदा झाली, मग तिचा नाद लांबवर पसरत गेला आणि पातळ होऊ लागला. सूनबाईने दाराबाहेर डोकावून पाहिलं. वाट रिकामी होती.

"येईल गं," म्हातारी म्हणाली. पण ती दाराकडेच बघत होती.

सूनबाईने पदर खोचला. "आत्याबाई, गळ्यात हात घाला."

"अगं, तुला झेपायची नाही मी."

"गुऱ्हाळातल्या ढेपा कोण उचलतं, तुमचा मुलगा? घाला हात. ढेपेपेक्षा हलक्या आहात तुम्ही."

तिने सासूला पाठीवर घेतलं. स्फटिकाची जमीन पहाटेच्या ओलाव्याने निसरडी झाली होती, म्हणून ती अनवाणी, बोटं रोवत चालली. बाकीचे पाहुणे पुढे निघून गेले होते. पायऱ्यांवर तिचं पाऊल सरकलं. ती थांबली, सासूला वर सरकवलं आणि पुन्हा चालू लागली.

त्या दोघी तळ्याकाठी पोहोचल्या आणि पूर्वेच्या टेकडीवरून पहिला किरण आला.

तळ्याच्या मध्यावर स्फटिकाचा एक सुळका होता. किरण त्याच्यावर पडला आणि पाण्यावरचं धुकं पेटलं. पेटलं म्हणजे जळलं नाही. आधी ते गुलाबी झालं, मग शेंदरी. मग त्यातून हिरवा रंग वर आला, रोप वर यावं तसा, आणि त्याच्यामागून निळा. रंग पाण्यावरून उठून काठावर आले, माणसांच्या अंगावरून वाहिले. सूनबाईचे हात जांभळे झाले.  पक्षीसुद्धा गप्प होते. तिथे ना फुलं दिसत होती ना झाडं. कशालाच कड नव्हती. सगळा रंगच रंग होता. आणि म्हणूनच, ज्या डोळ्यांना कडा दिसेनाशा झाल्या होत्या, त्यांना ते इतर कुणाहीइतकंच दिसलं.

"बाबा, पाणी," म्हातारी म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग धुकं विरलं.

गुळव्या धावत आला तेव्हा तळ्यात साधं पाणी होतं. त्याच्या धोतराच्या ओच्यात लाडू होते. काठावरची माणसं अजून हललेली नव्हती. काहींच्या गालांवर पाणी होतं.

मुलाची चाहूल लागली तशी म्हातारीने हात पुढे केला. "आलास ना? दिसलं ना तुला? मग मला सांग बाळा, सगळ्यात शेवटी कोणता रंग होता? तो मला नीट कळला नाही."

गुळव्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर दुसरीकडे वळवली. खोटं बोलायलासुद्धा त्याच्यापाशी एक रंग नव्हता.

"आई," तो म्हणाला, "मी तेव्हा लाडू बांधत होतो."

मग सूनबाईच सासूच्या कानाशी वाकली. "शेवटी रंग नव्हता, आत्याबाई. नुसता उजेड होता."

म्हातारी हसली. "असं होय! मला वाटलं, माझे डोळे गेले."

गुळव्या कारभाऱ्याकडे धावला. "मला आणखी एक पहाट द्या. एकच!"

कारभारी हळू आवाजात म्हणाला, "देतो की. आणखी एक हंगाम आणा."

पण हंगाम यायला वर्ष होतं आणि आईच्या डोळ्यांपाशी तेवढं वर्ष नव्हतं. गुळव्या गाडी जुंपायला गेला. लाडवांना वाटेत मुंग्या लागल्या.

गावात शिरल्या शिरल्या तेल्याने विचारलं, "काय म्हातारे, फार घेतली ना किंमत?"

"फार?" म्हातारी म्हणाली. "कमीच घेतली रे. त्यांना ठाऊक नसावं, काय देतायत ते."

"आणि तुझं काय मत, गुळव्या?"

 तो बैल सोडत राहिला.

पुढच्या उसाला तुरे येण्याआधीच म्हातारीची नजर पुरती गेली. पण गुऱ्हाळावर रस प्यायला आलेल्या प्रत्येकाला ती पहाट सांगे, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर खरोखर उजेड येई. गुळव्या काहिलीपाशी उभा राहून ऐकत असे. त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं, जाळ, काहील, माणसं. पण किंमत ज्याने भरली त्याच्यापाशी डोळे होते, आणि पहाट होती ती आईपाशी.

म्हणून म्हणतात: किंमत एकदाच मोजावी, जो ती वसूल करत बसतो, तो ती दुसऱ्यांदा मोजतो.

आता तुम्ही विचाराल, की मग त्या महालात जावं की जाऊ नये? खरं सांगू का, मी तर सगळा गूळ देऊन टाकीन, लाडवांकडे ढुंकून बघणार नाही, आणि घंटेच्या कितीतरी आधी त्या तळ्याच्या काठी जाऊन नुसती… आले गं आत्या! कुणाशी नाही, काही नाही सांगत, मी तर फक्त…