केरबाची धार

फार वर्षांपूर्वी, शिवरखडीच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि अख्ख्या गावात आरसा म्हणून होता तो फक्त न्हाव्याच्या धोपटीत, त्या काळची ही गोष्ट. धोपटी म्हणजे न्हाव्याची कातड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, वाटी, कात्री, धार लावायची पथरी आणि चामोटा, म्हणजे वस्तरा परजायचा कातडी पट्टा, सगळं मावायचं. त्या काळी गावाची अब्रू पाटलाच्या घरात जेवढी असायची, तेवढीच त्या धोपटीतही असायची.

शिवरखडीचा न्हावी होता बाळोजी. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, साळू. आणि बहिणीचा एक मुलगा होता, केरबा. केरबाचे आईबाप तो लहान असतानाच गेले, म्हणून तो घाटाखालच्या दगडखाणीत वाढला. जातीचा न्हावी, पण हातात वस्तऱ्याऐवजी पहार आणि घण. असं म्हणतात, केरबानं घण उचलला की खाणीतले साप आधीच बिळं सोडून निघून जायचे.

बाळोजीनं भाच्याला साळू दिली आणि त्याला शिवरखडीला आणून ठेवलं. डोकं कसं धरायचं, गालाची कातडी कशी ताणायची, हे सगळं शिकवलं. पण धार लावायची वेळ आली की म्हणायचा, "ते माझ्याकडं राहू दे. तू आधी हात बसव." केरबाला ते बरंच वाटायचं. मामांनी लावलेली धार घेऊन तो निघायचा, आणि लोक म्हणायचे, पोरगा तयार झाला.

मग एका हिवाळ्यात बाळोजीचं अंग एका बाजूनं लुळं पडलं. वाचाही गेली. वस्तरा हळूहळू बोथट झाला, आणि धार लावायची पाळी केरबावर आली.

खाणीत त्यानं एकच रीत पाहिली होती. पहार बोथट झाली की जोर लावून घासायची. तीच रीत त्यानं वस्तऱ्याला लावली. दातओठ खाऊन घासला. धार आली नाही, म्हणून आणखी जोरानं घासला. पथरी मधोमध खोलगट झाली, आणि वस्तऱ्याची धार करवतीसारखी झाली.

गिऱ्हाईक बसायचं हसत आणि उठायचं डोळे पुसत. लोक हळूहळू टाळायला लागले. कुणी म्हणे आज अमावस्या आहे, कुणी म्हणे दाढ दुखतेय. असं म्हणतात, त्या साली शिवरखडीत दाढ्या इतक्या वाढल्या की वाटेनं जाणारे परगावचे लोक हा बैराग्यांचा मठ आहे असं समजून वेशीवरच पाया पडायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाळोजी गेला. दहाव्याला भाऊबंद नदीवर जमले. सुतकाची डोकी करायची होती, आणि तो मान जावयाचाच होता. पहिला बसला रावबा, बाळोजीचा धाकटा भाऊ. केरबानं पाणी लावलं, वस्तरा टेकवला आणि ओढला. वस्तरा अडला. केरबानं दाबला, तसं कातडं निघालं. रावबाच्या कपाळावरून रक्त खाली आलं आणि भुवईत थांबलं. तरी तो हलला नाही. सगळं डोकं होईपर्यंत मान खाली घालून बसला, मग नदीत उतरला, डोकं धुतलं, उपरणं गुंडाळलं आणि एक शब्द न बोलता वाटेला लागला. केरबाला वाटलं, यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यानं धोपटी साळूपुढं ठेवली.

"मी खाणीवर परत जातो," तो म्हणाला. "हे माझ्या हातचं नाही."

साळू पीठ मळत होती. बापाच्या दुःखानं तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "जा. पण बाबांचा वस्तरा असा ठेवून जाऊ नका. त्याला धार लावा, मग जा."

"धारच तर लागत नाही."

"लावा. मी ऐकते."

वस्तरा कुणी ऐकतं का, असं केरबाच्या मनात आलं. पण तो अंगणात बसला, पथरीवर पाणी शिंपडलं आणि घासायला लागला. साळू आत चुलीपुढं, दाराकडं पाठ करून भाकरी थापत होती.

"दाबलंत," ती आतून म्हणाली.

"तू तर बघितलंसही नाहीस."

"बघायचं काय त्यात? लहानपणापासून मी इथंच बसून भाकऱ्या थापल्या आणि बाबांनी तिथं बसून धार लावली. त्यांची पथरी पुटपुटायची. तुमची कण्हतेय. वस्तऱ्याला त्याचं स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरे. तुमचं कशाला घालता त्यात?"

केरबानं हात सैल सोडला. पथरीचा आवाज बदलला. त्याला स्वतःलाही ऐकू आला. खाणीतही असंच असायचं, त्याला आठवलं. शहाणा पाथरवट घण मारायच्या आधी दगडाला टिचकी मारून कान द्यायचा. म्हणजे कान केरबाकडंही होता. तो कान वस्तऱ्याला द्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या दिवशी तो खाणीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही.

साळूनं एकेक चूक कानानं धरली. वस्तरा आडवा निजवायचा, त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात. केरबा पाठ उचलायचा, की आतून आवाज यायचा, "उठला." पथरीवर धार पुढं ठेवून न्यायचं, जणू दगडाचाच पापुद्रा काढायचा आहे. मग पाठीवर कूस बदलून परत आणायचं. आणि चामोट्यावर बरोबर उलटं, पाठ पुढं आणि धार मागं. केरबा चामोट्यावरही धारच पुढं घालत होता. चामोट्यावर चरे पडलेले बघून साळूनं कपाळाला हात लावला. "लावलेली धार तुम्हीच इथं येऊन मोडत होतात," ती म्हणाली. तिनं बापाचा जुना चामोटा खुंटीला बांधला आणि दुसरं टोक केरबाच्या हातात देऊन ताठ ओढायला लावलं. काम झालं की वस्तरा कोरडा पुसायचा, करंजाच्या तेलाचं बोट फिरवायचं, मगच मिटायचा. ओला मिटला तर रात्रीत गंज धार खातो.

एक गोष्ट मात्र साळूच्या हातची नव्हती. पथरी खोलगट झाली होती, आणि खोलगट पथरीवर कितीही हलका हात ठेवला तरी धार सरळ येत नाही. तिथं केरबाचं खाणीतलं शहाणपण कामाला आलं. तो डोंगरात गेला आणि ओढ्याच्या उगमापर्यंत चढला. वाटेतल्या प्रत्येक दगडावर नख फिरवत गेला. शेवटी पाण्याखाली त्याला एक निळसर दगड सापडला, कण इतका बारीक की जिभेला लागू नये. तो त्यानं खांद्यावर आणला, आणि वाळू-पाणी घालून दुसऱ्या दगडावर घासत बसला. असं म्हणतात, तो दगड शेवटी इतका सपाट झाला की त्याच्यावर चढलेली मुंगी घसरून खाली पडायची.

त्या दगडावर त्यानं धार लावली. आधी स्वतःच्या मनगटावरचे केस काढले, मग स्वतःचं डोकं केलं. मग तो रावबाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "एकदा बसाल का?"

रावबानं डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावरची खूण अजून गेली नव्हती. मग तो बाहेर आला आणि पाटावर बसला. "कर," म्हणाला, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळानं त्याची मान कलली. केरबानं एका हातानं ती सावरली आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. रावबा घोरत होता. जागा झाला तेव्हा म्हणाला, "पाणी गार झालं असेल, आता सुरू कर." केरबानं त्याच्यापुढं आरसा धरला.

दुसऱ्या दिवशी केरबाच्या अंगणात बसायला जागा उरली नाही.

पण लोक आजही केरबाचं नाव घेतात ते दाढीसाठी नव्हे.

पुढच्या श्रावणात ओढ्याला पूर आला आणि गावाचा पलीकडच्या वाटेशी संबंध तुटला. त्याच आठवड्यात गोरोबा कुंभाराच्या मुलीला, येसूला, जबड्याखाली गळू झालं. ते वाढत गेलं आणि आतून गळा दाबायला लागलं. वैद्य ओढ्यापलीकडं होता. येसूला गिळता येईना, मग श्वासही नीट येईना. त्या काळी गळू फोडणं हे न्हाव्याचंच काम. येसूची आई मुलीला कडेवर घेऊन केरबाच्या अंगणात आली आणि खाली बसली.

बाळोजीनं अशी कित्येक गळवं फोडली होती. केरबानं एकही नाही. गळ्याशी शीर धडधडत होती, आणि गळू तिच्या अगदी शेजारी. बोथट वस्तरा तिथं दाबावा लागला असता, आणि दाबलेला वस्तरा कुठं थांबेल हे कुणाच्या हातात नसतं.

पण केरबा उठला नाही. त्यानं निळी पथरी समोर ओढली. साळूनं पाणी उकळायला ठेवलं आणि चुलीपुढं बसली, दाराकडं पाठ करून.

केरबा धार लावायला लागला. अंगणात माणसं गोळा झाली. असं म्हणतात, शेजारच्या घरातलं जातं थांबलं, पिंपळाची पानं हलायची थांबली, आणि पुराच्या ओढ्यानंही आपला आवाज खाली घेतला, कारण साळूला ऐकायचं होतं. वस्तरा जायचा, कूस बदलायचा, यायचा.

"झालं का?" येसूच्या आईनं विचारलं.

"अजून नाही," साळू आतून म्हणाली.

गोरोबानं डोक्यावरचं मुंडासं काढून छातीशी धरलं. केरबानं चामोटा घेतला. पाठ पुढं, धार मागं. त्याचं मन म्हणत होतं, आणखी थोडं, आणखी थोडं. भीती माणसाला थांबू देत नाही.

"पुरे," साळू म्हणाली.

तो थांबला. वस्तरा उकळत्या पाण्यातून काढला. त्यानं येसूची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळवाला टेकवला. असं म्हणतात, त्यानं वस्तरा ओढलाच नाही. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनानं कातडी उघडली, जशी पहाटे कळी उघडते तशी. येसू रडली नाही. तिला काही कळलंच नव्हतं. सगळी घाण वाहून गेली, आणि मग तिनं श्वास घेतला. तो श्वास इतका मोठा होता की वेशीवर उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकला. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आये, भूक लागली."

केरबा घराच्या आत गेला आणि साळूजवळ चुलीपुढं बसून राहिला. बाहेर लोक त्याचं नाव घेत होते. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

त्यानंतर केरबाची कीर्ती डोंगर ओलांडून गेली. लोक सांगतात, तो वाऱ्यावर उडणाऱ्या रुईच्या म्हातारीचे दोन भाग करायचा आणि दोन्ही भाग तसेच तरंगत राहायचे. लोक सांगतात, एकाच्या दाढीत मधमाशी बसली होती, तर केरबानं तिच्या पायाखालचे केस काढले आणि मधमाशी उडालीसुद्धा नाही. कोसावरून माणसं गळवं घेऊन यायची आणि हसत जायची. कुणी कौतुक केलं की केरबा म्हणायचा, "हात माझा, कान तिचा." म्हातारपणी साळू आधी गेली. त्या दिवशी केरबानं वस्तरा दुसऱ्याच्या हाती दिला, आणि पुन्हा पथरीला हात लावला नाही.

ती निळी पथरी शिवरखडीच्या देवळामागं कट्ट्यावर बसवलेली आहे. पंचक्रोशीत ज्याला नव्यानं हातात वस्तरा धरायचा असतो, तो आधी तिथं येऊन धार लावतो. गावातली एक वयस्क बाई त्याच्याकडं पाठ करून बसते आणि नुसतं ऐकते. ती "पुरे" म्हणेपर्यंत त्याचा वस्तरा माणसाच्या अंगाला लागत नाही. आता दुकानांतून बदलायची पाती आली, वस्तऱ्याला धार लावायची गरजही फारशी उरली नाही. तरी रीत चालू आहे.

परवाच तिठ्यावर एकानं नवं दुकान काढलं. फिरती खुर्ची, भिंतभर आरसे, दाराला झेंडूचं तोरण. पाहुणे आले होते, पेढ्यांची परात झाकून ठेवली होती. तो देवळामागच्या कट्ट्यावर धार लावायला बसला, आणि हल्ली ऐकायला बसणारी लगमाबाई त्याच्याकडं पाठ करून बसली. दुपार टळली. पाहुण्यांनी दोनदा चहा घेतला. त्यानं मान वळवून विचारलं, "आजी, आता?"

"दाबतोयस," लगमाबाई म्हणाली.

त्यानं पथरीवर पुन्हा पाणी शिंपडलं. पाहुणे बसून राहिले. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.