होडीसाठी नारळ

रंगही बोलत होते, तेव्हाची गोष्ट. एका चित्रकाराने खवळलेला दर्या रंगवला आणि त्यात एवढीशी होडी काढली.

होडी ओरडली, "कुंचलेदादा, बुडाले रे! पुस ना ती लाट!"

"थांब गं बाय, जरा धीर धर!"

तेवढ्यात नारळी पौर्णिमेचा नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघालेली नागूबाय कोळीण चित्रकाराच्या दारात थबकली. चित्र बघून तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दर्याचा नारळ तिने चित्रापुढेच ठेवला आणि हात जोडले. "दर्याराजा, शांत हो रे बाबा! होडीचं हे लेकरू सुखरूप घरी आण!"

ती गेल्यावर कुंचल्याने विचारलं, "पुसू आता?"

होडीने शीड ताठ केलं. "छे रे दादा! पाणी सपाट असतं, तर माझ्यासाठी कुणी हात जोडले असते? काढ, अजून एक उंच लाट काढ!"