डोहाला काट्यांचे कुंपण

ज्या पाण्यावर घर चालते, त्याच पाण्यात मासेमाराने आपल्या हाताने काटे टाकलेले तुम्ही कुठे पाहिले आहे का? आमच्या मोहटोल्याला ते पाहायला मिळते. मात्र दरवर्षी नाही. ज्या उन्हाळ्यात तलावाचे पाणी फार हटते, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दगडी पायऱ्या तळापर्यंत उघड्या पडतात आणि मधला हत्तीखडक पायापर्यंत कोरडा होतो, त्या उन्हाळ्यातच. तेव्हा पलीकडच्या जांभळाखाली तेवढा एक डोह उरतो. मग ढिवरटोल्यावरची, म्हणजे मासेमारांच्या वस्तीवरची, माणसे बाभळीच्या फांद्या खांद्यावर घेऊन येतात आणि त्या डोहात बुडवतात. प्रत्येक फांदीला जुन्या जाळ्याचा एक तुकडा बांधलेला असतो.

त्यामागची हकिगत आमच्याकडे अशी सांगतात.

फार मागे, तलावाची पाळ नवी होती त्या काळात, लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. तलावातल्या शिंगाड्याच्या वेली वाळून गाळाला चिकटल्या. पाणी हटत हटत हत्तीखडकाच्या खाली गेले आणि तलावात उरलेला मासा तेवढा त्या डोहात येऊन साचला. रोहू, कतला, मरळ, सगळे एका ठिकाणी. एकमेकांना पाठी घासत फिरायचे म्हणे. काठावरून नुसते पाहिले तरी उपाशी माणसाच्या तोंडाला पाणी सुटावे.

टोल्यावर तेव्हा दुरपता नावाची विधवा बाई होती. जाळे विणण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. अंबाडीचे सूत ती स्वतः वळायची, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवायची. नवरा गेल्यावर तिने एक महाजाळ विणायला घेतले आणि मुलाचे लग्न झाले त्या वर्षी ते पुरे केले. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत डोह कवेत घेईल एवढे लांब जाळे साऱ्या टोल्यात ते एकच होते. दिवाळीला ती घरातल्या दिव्याआधी त्याच्यापुढे दिवा लावायची. ढिवराच्या घरात जाळे ओलांडत नाहीत, त्याला कधी पाय लागू देत नाहीत. दुरपता तर त्या जाळ्याला लेकरासारखी जपायची.

तिची सून गोमती तेव्हा दिवस भरत आलेली होती. घरात दाणा नव्हता. म्हणून दुरपतेने मुलाला फेकजाळे देऊन डोहावर पाठवले आणि त्याने एक रोहू आणला. विळीवर पोट उघडले, तर आत गाभोळी, अंड्यांची पिशवी, गच्च भरलेली. दुरपतेने ती ओंजळीत घेतली तर ओंजळीत मावेना. पाऊस पडला की हाच मासा अंडी सोडतो, हे तिला लहानपणापासून माहीत होते. पण हातात तो भार आला तेव्हा तिला वाटले, आपण एक मासा चिरला नाही, येत्या वर्षाचा तलाव चिरला. गोमतीला तिने तो रांधून वाढला. स्वतः मात्र त्याला हात लावला नाही.

त्याच दिवशी तिचा दीर कान्हू आला. टोल्याचा कारभार तो पाहायचा.

"वयनी, महाजाळ काढा. डोह वढून घेऊ."

"आन् मंग?"

"मंग काय? लोकं दोन घास खातीन. आपण नाही काढलं तं बगळे खातीन. नाहीतं पाणी आटून सडतीन."

"भाऊजी, सगळ्याइच्या पोटात गाभोळी हाये. हे काढलं तं पुढच्या सालाले काय वढसान? चिखल?"

"पुढचं साल कोनं पायलं? तुमच्याच घरी सून उपाशी हाये."

"तिच्याचसाठी म्हणून रायली मी," दुरपता म्हणाली. "तिले काही एकच दिवस खायचं नाही."

कान्हूला राग आला. "तुमी नाही दिलं तं नदीपल्याडून जाळं आणू," असे सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दुरपता कोयता घेऊन पाळीवर गेली. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, बुंध्याला दगड बांधायचा, गाळातून ओढत नेऊन डोहात बुडवायच्या, असे तिने चालवले. मुलाने नको म्हटले, पण आई ऐकेना असे पाहून तोही मदतीला लागला. काटे पाण्याखाली बसले की त्यात कुठलेच जाळे ओढता येत नाही, फाटून चिंध्या होतात. काठावर माणसे जमली आणि हसू लागली.

"काय वं दुरपताबाई, तलावाले कुंपण घालून रायली का? मासे काय कोनाच्या वावरात चरतीन?"

"मासे नाही," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी चरसान म्हून घालून रायली."

तेव्हा हसणे थांबले. संध्याकाळपर्यंत डोह काट्यांनी भरला. पण उतरत्या उन्हात कान्हू चार गडी घेऊन आला आणि आकड्यांनी फांद्या बाहेर खेचू लागला. बाईने दिवसभर घातलेले काटे चौघे पुरुष थोड्या वेळात काढणार, हे दुरपतेला दिसत होते. ती घराकडे गेली.

परतली तेव्हा तिच्या डोक्यावर ते महाजाळ होते. एक टोक तिने मुलाच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि दोघांनी मिळून ते काट्यांवर आडवे पसरले. अंबाडीचे सूत ओले झाले, जड झाले, खाली बसले आणि काट्याकाट्याला अडकले. आता एक फांदी ओढायची तरी जाळे फाटणार होते. गड्यांच्या हातातले आकडे जागच्या जागी राहिले.

"वयनी, हे सडून जाईन," कान्हू म्हणाला.

"जाऊ द्या. मी दुसरं विणीन. मासा विणता येत नाही मले."

ढिवराच्या पोराने जाळे फाडायचे म्हणजे अन्नाला लाथ मारायची. कुणीच पुढे झाले नाही. कान्हूने आकडा गाळात टाकला आणि तो तसाच निघून गेला.

मग लोकांनी विचारले, खायचे काय? दुरपतेने पदर खोचला आणि ती कोरड्या पडलेल्या गाळात उतरली. खाली कमळाचे कांदे होते, खेकडे होते, शिंपल्या होत्या. मेहनत मोठी आणि घास लहान, पण पाऊस येईपर्यंत टोला त्यावर तगला. गोमती त्याच कांद्यांवर बाळंत झाली, मुलगी झाली.

पाऊस आला, तलाव भरला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर लोकांनी फांद्या बाहेर काढल्या, तेव्हा महाजाळाच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. पण त्या साली सगळ्या टोल्याला मासा पुरला. नवे महाजाळ विणायला प्रत्येक घरातून दुरपतेला सूत आले म्हणे, आणि जुन्याचे तुकडे लोकांनी आपापल्या घरी जपून ठेवले.

आजही हत्तीखडक पायापर्यंत कोरडा झाला की डोहावरची मासेमारी बंद होते, मग कुणी कितीही मोठा असो. पहिली फांदी त्या घरची, जिथे बाळंतपण जवळ आले आहे, कारण सगळ्यात जास्त गरज त्याच घराला असते. आजही फांदीला जाळ्याचा तुकडा बांधल्याशिवाय ती पाण्यात सोडत नाहीत.

कान्हूचे पुढे काय झाले, असे पाहुणे नेहमी विचारतात. त्या संध्याकाळी तो आकडा टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाभळीची एक फांदी खांद्यावर घेऊन आला, दगड बांधून ती डोहात सोडली, आणि दुरपतेच्या शेजारी गाळात उतरून कांदे खणू लागला.