चंदेरी पेटीचा तोरा

वस्तू बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. समुद्राकाठच्या बर्फाच्या कारखान्यामागे भिंतीवर वायरी झाकणाऱ्या दोन लांब पेट्या होत्या, एक लोखंडी, एक फायबरची. लोखंडीला दर दिवाळीला गंज न खरवडताच चंदेरी रंग फासत. "काय गं मळकट, तुला कधी नवं लुगडं नाही?" असं ती फायबरला हिणवायची.

कवडी कोंबडीही त्या रंगाला भुलली. पिल्लांना घेऊन चंदेरीखालीच बसायची. एका पावसात रंगाचे पोपडे पडले. गंजक्या पत्र्याने आतल्या वायरीची साल सोलली होती. पेटीवर टेकलेला कावळा झटका लागून खाली कोसळला.

कवडीने पिल्लं ओढून घेतली. "नुसता तोरा! एक वायर सांभाळता आली नाही होय गं?"

"दिवाळीला पुन्हा रंग लावतील की!"

"लावून घे बाई. माझी पिल्लं दिवाळीपर्यंत जगायला हवीत," म्हणत कवडी मळकट फायबरखाली जाऊन बसली.