आंबेखोलच्या नांदुरकीचा दोर

आधी हा खांब बघा. झाड नंतर बघू, झाड कुठं पळून जात नाही. विहिरीच्या काठावरचा हा मोटेचा जुना दगडी खांब. कमरेएवढ्या उंचीवर त्याला खाच पडली आहे, बोट सहज बसेल एवढी खोल. लोक विचारतात, कोणत्या पाथरवटानं कोरली? पाथरवट नाही आणि छिन्नी नाही. अंबाडीच्या दोरानं घासून पडलेली खाच आहे ती. आता मान वर करा. या नांदुरकीच्या बुंध्यावर, जुन्या फांदीच्या जागेपासून पार मुळापर्यंत, नांगराच्या तासासारखा व्रण उतरला आहे. व्रण पडला आणि खाचेची सुरुवात झाली ती एकाच वैशाखात, असं सांगतात.

तुमच्या बंगल्याच्या कौलांवर आंब्याची फांदी आली आहे आणि ती उतरवायला आमच्या गावचा माणूस हवा, म्हणून तुम्ही आलात. माणूस मिळेल. पण आमच्याकडे आधी ही गोष्ट ऐकावी लागते. त्यातून कुणाची सुटका नाही, तहसीलदारांचीसुद्धा झाली नव्हती.

फार जुनी गोष्ट. तेव्हा आंबेखोलात ही एकच विहीर होती. नांदुरकीची एक अवाढव्य फांदी विहिरीवर आडवी पसरली होती आणि तिला खोडाजवळ चीर गेली होती. पावसाळी वाऱ्यात ती पडली असती तर विहिरीचं बांधकाम आत ढासळून झराच बुजला असता. गाव उठलं असतं. बहिर्जी पाटलाला हे कळत होतं. तो आमचा पूर्वज, म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क मला आहे: माणूस शूर, पण नाकावर माशी बसू न देणारा.

गावात खेमा नावाचा झाडकरी होता. मध काढायचा, फांद्या उतरवायचा, रोगट झाडं नीट करायचा. पाटलानं त्याला बोलावून सोप्याच्या पायरीखाली उभं केलं. खेमानं झाडाभोवती तीन चकरा मारल्या, बुंध्याला कान लावला आणि सांगितलं, की आठ दिवस लागतील, फांदी तुकड्यातुकड्यानं दोरावर खाली येईल, आणि दोर पाटलानं स्वतः धरायचा.

"मी?" पाटील म्हणाला. "चाळीस गडी हायती माझ्याकडं."

"म्हनूनच," खेमा म्हणाला. "धा जनांनी दोर धरला की परत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं धरलाय. ज्याचं झाड, त्योच दोर सोडत न्हाई."

पाटलाला ते झोंबलं. गावचा झाडकरी म्हणजे घरचाच माणूस, त्याचं काय एवढं ऐकायचं! त्यानं बाजारगावाहून चौघे लाकूडतोडे आणले. लखलखत्या कुऱ्हाडी, डोक्याला रंगीत मुंडासी, आणि एका दिवसात काम फत्ते करायची बोली. गाव जेवणखाण आटोपून तमाशा बघायला बसावं तसं बसलं होतं म्हणे.

चौघांनी फांदीवर वरून घाव घालायला सुरुवात केली. झाडाची ज्याला माहिती आहे तो कधी असं करत नाही. आधी खालून अर्धा घाव घालतात, मग थोडं पुढं सरकून वरून. म्हणजे फांदी तुटताना साल ओढत नाही. इथं निम्मं लाकूड कापलं गेलं आणि फांदी स्वतःच्या वजनानं मोडली. मोडताना तिनं बुंध्याची साल टराटरा सोलत पार मुळापर्यंत नेली. पण ती पडलीही नाही. अर्धी तुटून, फाट्यात अडकून, नेमकी विहिरीवर लोंबकळत राहिली. लाकूडतोडे मुंडासी सावरत पळाले ते थेट बाजारगावात थांबले.

आता विहिरीशी जायची कुणाची छाती होईना. बायका कोसभर लांबच्या ओढ्यातले डबरे उपसू लागल्या. कुणी म्हणालं, झाडच बुंध्यातून पाडा. पण झाड पडलं असतं तेही विहिरीवरच. तिसऱ्या दिवशी बहिर्जी पाटील अनवाणी चालत खेमाच्या खोपटाशी गेला आणि बाहेर उभा राहिला. एवढंच म्हणाला, "दोर मी धरतो."

खेमानं एक शब्द ऐकवला नाही. चांगला कारागीर तेव्हा बोलत नाही, कामाला लागतो. त्यानं अंबाडीचा दोर वरच्या भक्कम बेचक्यातून ओवून खाली सोडला. या खांबाला दोन वेढे दिले आणि टोक पाटलाच्या हातात दिलं. मग कमरेला दोर बांधून तो वर चढला. टोकाकडून एकेक तुकडा कापायचा, पाटलानं तो झुलवत झुलवत बाजूला उतरवायचा. सहा दिवस असं चाललं. पाटलाला जेवायला उठायचं झालं तर काम थांबायचं.

सातव्या दिवशी शेवटचा तुकडा राहिला, बैलाएवढा. घाव बसला, लाकूड कडाडलं आणि दोराला असा हिसका बसला की तो पाटलाच्या मुठीतून सरसर धावू लागला. खांबातून धूर निघाला म्हणे. गडी धावले.

"मागं सरा!" पाटील ओरडला. "दोर माझा हाय!"

त्यानं खांबाला पाय लावले आणि मुठी आवळल्या. तळहाताची कातडी दोराबरोबर गेली, दोर लाल झाला, पण थांबला. लाकूड विहिरीच्या कठड्याच्या वीतभर वर थांबलं होतं. मग त्याच हातांनी त्यानं ते हळूहळू बाजूला, जमिनीवर टेकवलं. टेकवल्यावर त्याच्या मुठी उघडेनात. खेमा खाली उतरला, पाटलासमोर बसला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. ज्या माणसाला पायरीखाली उभं केलं होतं, त्यानं. सोडवून झाल्यावर म्हणाला, "दोर चांगला धरला, पाटील." आमच्या घराण्याला पुढं पुष्कळ मान मिळाले, पण मला विचाराल तर याच्यावरचा एकही नाही.

पाटील झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपायला निघाला होता. खेमानं अडवलं. फाटलेल्या सालीच्या कडा फक्त धारदार कोयत्यानं साफ केल्या. फांदीच्या मुळाशी बांगडीसारखा उंचवटा असतो, तो राखून उरलेला खुंट कापला आणि म्हणाला, "झाकू नगा. झाड आपली जखम आपन मिटवतं." बघा ना, दोन्ही कडांनी साल कशी आत वळत आली आहे.

पाटलाच्या तळहातावरच्या रेषा मात्र कायमच्या पुसल्या गेल्या. पुढं एक ज्योतिषी आला आणि हात बघून गोंधळला. तेव्हा पाटलानं त्याला या झाडापाशी आणलं आणि सांगितलं, माझं जे काय लिहिलंय ते इथं वाच.

त्या दिवसापासून आंबेखोलात कुणीही झाडाची फांदी उतरवली, तरी दोर मालकानंच धरायचा. विहिरीकडं झुकणारी कोवळी फांदी दर वैशाखात उतरवतात, आणि ते टोक आमच्या घरातल्या माणसाच्या हातात असतं. खाच अशी वर्षावर्षानं खोल गेली. खेमाच्या घरचे आज पंचक्रोशीत झाडं बघायला जातात, शहरातूनही फोन येतात. तुमच्याकडं गेनू येईल, त्याच घरातला. आधी तीन चकरा मारील, बुंध्याला कान लावील. मग एकच विचारील, दोर कोण धरणार? 'माणूस लावलाय' म्हणालात तर चहा पिऊन परत येईल. उपाशी पाठवू नका म्हणजे झालं.

हे माझे हात. बावीस वैशाख धरलाय दोर. मऊ वाटतात का? आजही आमच्या गावात मुलगी द्यायची तर आधी मुलाचे तळहात बघतात.

आता तुमचे दाखवा. असे खिशात कशाला घातलेत?