सिमावची काळी बोटं

“चांदी काचेत शिरते, मग आधी तिथे जो होता तो कुठे जातो?”

हे मी माझ्या थोरल्या भावाला, सिमावला, किती वेळा विचारलं असेल. चांदीचं बाकी सगळं सांगायचा, याला नुसता हसायचा. तो गेला, आणि नवव्या दिवशी मी तेच त्याच्या गुरूंना विचारलं.

ब्रदर मानवेल वसईत आमच्या चर्चमागच्या खोलीत खिडक्यांच्या काचा रंगवतात. सिमाव अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. मी चौथीत शाळा सोडलेला.

“आधी तिथे खार असतो, काचेतल्या सोड्याचा क्षार,” ब्रदर म्हणाले. “चांदीचं मीठ मातीत कालवून काचेला लावायचं. भट्टी तापली की काचेतला खार मातीत उतरतो, मातीतली चांदी त्याच्या जागी जाऊन बसते. मग काचेतून येणारा उजेड पिवळा होतो.”

“ते सिमावही सांगायचा. पण पुढे? मातीत उतरलेला तो खार जातो कुठे?”

ब्रदर उठले, फळीवरची एक काच आणून टेबलावर ठेवली. वर भाजलेल्या मातीचा थर.

“त्याची शेवटची. भट्टीतून निघाली तेव्हा तो नव्हता.” त्यांनी ओलं फडकं पुढे केलं. “पूस.”

“यावर त्याचा हात फिरलाय. मी नाही पुसणार.”

“पूस म्हटलं ना.”

“नाही! एकदा पुसून बघितलंय मी.”

“काय पुसलंस?”

“त्याची बोटं. शेवटची आंघोळ घालताना. त्या चांदीच्या मिठानं काळी पडलेली. लोक बघायला येणार, म्हणून काथ्याने घासली. मग विटेच्या तुकड्याने. काळं गेलंच नाही, ब्रदर. कातडी निघाली.”

“मग?”

“मग हातांवर रुमाल टाकला. वर जपमाळ ठेवली. आईलासुद्धा दिसू दिली नाहीत.”

मला थांबता येईना.

“जिवंत होता तेव्हाही लग्नाकार्यात त्याला म्हणायचो, हात खिशात घाल, गॅरेजवाला दिसतोस.”

“तो काय म्हणायचा?”

“काही नाही... घालायचा.”

ब्रदरनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. दहाही बोटं काळी.

मी मान खाली घातली. फडकं घेतलं. पुसायला लागलो.

माती सुटली, फडक्यात आली. खाली नुसती काच. तिच्यातून टेबलाचं काळं लाकूड दिसत होतं, बाकी काही नाही.

“गेलं!” मी ओरडलो. “बघा, सांगत होतो ना! तेवढं एक उरलं होतं त्याचं, तेही घालवलं मी!”

नखाने खरवडून पाहिलं. नखाला काहीच लागलं नाही.

ब्रदरनी माझं मनगट धरलं. काचेसकट हात उचलून खिडकीसमोर नेला.

काचेत भाताची एक लोंबी होती. पिकलेली, पिवळीधमक. तिचा उजेड माझ्या बोटांवर पडला, शर्टावर पडला.

मी बोटाने लोंबी चोळली. पुन्हा चोळली. ती हलली नाही.

“ब्रदर... मग मी पुसलं ते काय?”

“माती, खार घेऊन गेलेली. त्या दिवशीही तू तीच पुसत होतास, पास्कोल. फक्त ती बोटं उजेडात धरली नाहीस.”